लंडनचं गाइडबुक: कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं?

मोठ्या परदेशी शहरात पहिल्यांदा जायचं, तर कोणतं गाइडबुक घ्यावं? प्रश्न साधा वाटतो. दुकानात गेलं की लंडनवरचीच आठ-दहा पुस्तकं समोर दिसतात. आपण किंमत बघतो, फोटो बघतो आणि एक उचलतो. पण या पुस्तकांचा इतिहास पाहिला की लक्षात येतं, प्रत्येक गाइडबुक एका विशिष्ट प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. तो प्रवासी आपण आहोत का, हे आधी बघायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनोळखी शहरात उतरलेला युरोपियन प्रवासी पैसे देऊन वाटाड्या ठेवायचा. तो नेईल ते बघायचं, तो सांगेल त्या खाणावळीत जेवायचं. मग 1836 साली लंडनचे प्रकाशक जॉन मरी यांनी हॉलंड, बेल्जियम, जर्मनी वगैरे भागांसाठी ‘हँडबुक’ काढलं. या घराण्यातले तिसरे जॉन मरी स्वतः हिंडून टिपणं काढत होते. त्याच सुमारास जर्मनीत कोब्लेन्झला कार्ल बेडेकर हे काम करत होते. (आपल्याकडे बेडेकर म्हटलं की लोणचं आठवतं, पण हे बेडेकर जर्मन!) प्रवाशाला भाड्याच्या वाटाड्यापासून मोकळं करायचं, हा त्यांचा उद्देश होता. उतरायचं कुठे, गाडीभाडं किती, संग्रहालय कधी उघडतं, बक्षिशी किती द्यायची, सगळं खिशात मावेल अशा पुस्तकात. जे चुकवू नये, त्याला तारा. लंडनचं इंग्रजी बेडेकर 1878 साली निघालं.

पुस्तक उत्तमच होतं. पण त्यातला प्रवासी कोण होता? युरोप-अमेरिकेतला, बऱ्यापैकी पैसा बाळगणारा, हॉटेलात उतरणारा. यात लपवाछपवी काही नव्हती. मरींनी 1859 साली हिंदुस्थानसाठी हँडबुक काढलं, त्यात मुंबई इलाख्याचा भाग होता. ते प्रवासी, लष्करी अधिकारी आणि मुलकी अधिकारी यांच्यासाठी आहे, असं शीर्षकातच छापलेलं होतं. म्हणजे वाचक कोण, ते मुखपृष्ठावरच कळायचं.

आता उलट बाजूने बघू. 4 सप्टेंबर 1888 रोजी मुंबईहून एक तरुण बॅरिस्टर व्हायला इंग्लंडला निघाला. मोहनदास गांधी. बोटीवरून उतरताना पांढरे कपडे शोभतील असं वाटून त्यांनी पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट चढवला. सप्टेंबरअखेरचे दिवस, आणि तसे कपडे घातलेले ते एकटेच! त्यात सामान दुसरीकडे गेलेलं आणि दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे कपडे बदलायचीही सोय नाही. पुढे खरा प्रश्न आला जेवणाचा. मांस खाणार नाही, अशी आईला शपथ दिलेली. घरमालकिणीने सांगितलं की लंडनमध्ये शाकाहारी खाणावळी आहेत. मग रोज दहा-बारा मैल पायपीट, स्वस्त खाणावळीत नुसत्या पावावर पोट भरणं, आणि एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर तशी जागा सापडली. आत्मकथेत त्यांनी हे सगळं लिहिलेलं आहे.

बघा, सेंट पॉल कॅथीड्रल किंवा ब्रिटिश म्युझियम शोधायला त्यांना अडचण नव्हती. अडचण होती ती कपडे, जेवण आणि खर्चाची. म्हणून पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना, 1893-94 च्या सुमारास, त्यांनी स्वतःच इंग्रजीत ‘गाइड टू लंडन’ लिहायला घेतलं. इंग्लंडला कोणी जावं, तयारी काय करावी, कपडे कोणते न्यावेत, खायचं काय, बॅरिस्टर कसं व्हायचं, असे त्यातले विषय. राहणं-जेवणं आठवड्याला एका पौंडात भागवता येतं, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवलं. हे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केलं नाही, ते पुढे त्यांच्या समग्र वाङ्मयात आलं. पण शहर तेच लंडन, फक्त डोळ्यांसमोरचा वाचक बदलला, आणि पुस्तकाचं पानन् पान बदललं.

अशी गरज फक्त आपलीच नव्हती. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या हॉटेलच्या दारातूनही परत पाठवलं जायचं. तिथे इतरांसाठीच्या शिफारशी काय कामाच्या? न्यूयॉर्कच्या हार्लेममधले टपाल खात्यातले कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 1936 साली ‘ग्रीन बुक’ सुरू केलं. पहिली आवृत्ती न्यूयॉर्क परिसराचीच होती. आपल्याला कुठे खोली मिळेल, कुठे जेवू देतील, हे त्यात असायचं. त्या वाचकासाठी हा सोयीपेक्षा सुरक्षिततेचा आणि मानाचा प्रश्न होता.

आता ताऱ्यांविषयी थोडं. हे तारे लोकांच्या डोक्यात किती पक्के बसले होते, हे 1942 मध्ये दिसलं. ब्रिटिशांनी ल्यूबेक शहरावर बॉम्ब टाकल्यावर जर्मनीने एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी या जुन्या शहरांवर हल्ले केले. बेडेकरमध्ये तीन तारे असलेली प्रत्येक इमारत आम्ही उडवू, असं जर्मन परराष्ट्र खात्याचा एक अधिकारी म्हणाला, आणि त्या हल्ल्यांना ‘बेडेकर रेड्स’ हेच नाव पडलं. गंमत म्हणजे बेडेकर जास्तीत जास्त दोनच तारे द्यायचं! पुढे 1943 च्या डिसेंबरात ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात बेडेकरांची लाइपझिगची कचेरीही उद्ध्वस्त झाली.

मग दुकानात काय करायचं? आवृत्तीचं साल तर बघाच. दर आणि वेळा भराभर शिळ्या होतात. पण ताऱ्यांची पानं आणि फोटो नंतर चाळा. आधी जेवण, मुक्काम आणि खर्च ही प्रकरणं उघडा. तुमच्या बजेटमधली खोली त्यात आहे का? शाकाहारी असाल तर तुमच्या पोटाची सोय आहे का? सोबत सत्तरीची आई असेल, तर कुठल्या स्टेशनवर लिफ्ट आहे, ते दिलंय का? ही उत्तरं मिळाली, तर ते पुस्तक तुमच्यासाठी लिहिलेलं आहे. नाही मिळाली, तर बिनदिक्कत फळीवर परत ठेवा, नाव कितीही मोठं असो.