धर्मशाळा आणि शेजार



२० डिसेंबर १९५६ रोजी श्रीगाडगेमहाराजांनी आपल्या वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी देह ठेवला. वाटसरूला निवारा देणे हे त्यांचे जन्माचे व्रत होते. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील धर्मशाळा त्याची साक्ष देतात. पण धर्मशाळेतला पाहुणा चार दिवसांनी आपल्या गावी परत जातो. ज्याला परत जायला गावच उरलेले नाही, त्याचे काय करावे? हा प्रश्न फाळणीने वऱ्हाडापुढे टाकला.

पंजाब व बंगाल यांची वाटणी झाली. सिंध प्रांत मात्र सबंध पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला निदान पूर्व पंजाब होता. सिंधी माणसाला आपली म्हणावी अशी वीतभर भूमी राहिली नाही. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर हा ओघ फार वाढला. कल्याणच्या लष्करी छावण्यांतून पुढे, १९४९ मध्ये, उल्हासनगर उभे राहिले. आपल्याकडे नागपूरचा जरीपटका, अकोल्याचा सिंधी कॅम्प, अमरावतीचा रामपुरी कॅम्प ही नावे त्याच इतिहासाची.

त्या वेळच्या पुढाऱ्यांच्या वृत्तीत एक गोष्ट ठळक दिसते. अन्नवस्त्र देण्याला कोणाची ना नव्हती. वाद निघाला तो कायमच्या वस्तीवरून. मुंबई सरकारने १९४८ मध्ये निर्वासितांसाठी कायदा केला, नोंदणी सक्तीची केली आणि त्यांनी कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. सिंधचे काँग्रेसनेते डॉ. चोइथराम गिडवानी यांना आपल्या माणसांसाठी याच देशात पुन्हा झगडावे लागले.

विरोध करणारे सगळे दुष्ट होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते दिवस रेशनचे होते, शहरांत घरे मिळत नव्हती, आणि थोड्या नफ्यावर माल विकणारा नवा दुकानदार जुन्या पेढीला जाचणारच. आपल्या लोकांच्या पोटाची काळजी वाहणे हे पुढाऱ्याचे कामच आहे. पण वऱ्हाडातल्या पुढाऱ्याने आपल्याच बाजारपेठेचा इतिहास आठवावयास हवा होता. गेल्या शतकात कापसाला भाव चढला, आगगाडी आली आणि तिच्यामागोमाग मारवाडी व गुजराती व्यापारी येथे येऊन स्थायिक झाले. तेही एके काळी परकेच होते. आज त्यांच्यावाचून अमरावतीची पेठ डोळ्यांपुढे येईल काय?

अमरावतीत कंवरनगर नावाची वस्ती आहे. संत कंवरराम हे सिंधचे लोकगायक. पायी घुंगरू बांधून ते भजन गात आणि झोळीत पडेल ते गोरगरिबांना वाटीत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रूक स्थानकावर त्यांचा गोळ्या घालून खून झाला. सर्वस्व गमावलेल्या लोकांनी नव्या गावात वस्तीला त्यांचे नाव दिले. याच शहरात गाडगेनगरही आहे. कीर्तन करून, लोकांकडून मागून, लोकांसाठीच वेचणारे हे दोन संत एकमेकांना किती सहज ओळखते!

सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले ते १९६७ मध्ये. म्हणजे माणसे आल्यावर वीस वर्षांनी. कायद्याला इतका वेळ लागतो. शेजाऱ्याने इतका वेळ लावू नये. आलेल्याला पहिल्या दिवशी भाकर देणारा दयाळू खरा. पण दहाव्या वर्षी त्याच्या मुलाला ‘निर्वासित’ म्हणू न देणारा, तोच गावाचा खरा पुढारी.