लोखंडाची फुले

‘बीड’ हे मराठीत एका शहराचे नाव आहे आणि ओतीव लोखंडाचेही. बिडाचा तवा, बिडाचा पाइप असे आपण सहज म्हणतो. शहराच्या नावाची व्युत्पत्ती वेगळी सांगतात, तेव्हा हा उच्चाराचा योगायोगच म्हणायचा. गंमत अशी, की बीड परिसरातल्या जुन्या वाड्यांच्या दारांवर दिसणारे लोखंड बहुधा बिडाचे नसते, घडीव असते. इमारतींवरच्या लोखंडी नक्षीचा सगळा इतिहास या एका फरकाभोवती फिरतो.

बीडच्या दक्षिणेला मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. धबधबा, मन्मथस्वामींची समाधी आणि कार्तिक पौर्णिमेची यात्रा यांमुळे हे ठिकाण सर्वांच्या परिचयाचे आहे. तिकडे सहल नेणाऱ्या शिक्षकांनी वाटेतल्या एखाद्या गावी थोडे थांबावे आणि मुलांना जुने दार दाखवावे, असे आम्ही सुचवू. दार म्हणजे जाड उभ्या फळ्या आणि त्यांना मागून आडव्या पट्ट्या. दोन्ही एकत्र धरायला लांब खिळे आरपार ठोकायचे आणि मागे निघालेले टोक वळवून पुन्हा लाकडात बसवायचे. खिळ्याचे डोके फळीत रुतू नये म्हणून ते पसरट ठेवायचे, किंवा त्याखाली लोखंडी चकती घालायची. या चकतीची कड लोहाराने छिन्नीने कातरली की पाकळ्या होतात. पट्ट्या आडव्या असल्यामुळे खिळे रांगेतच येतात, म्हणून फुलेही रांगेत येतात. म्हणजे नक्षी आधी सुचली आणि मग दारावर चढवली, असे झालेले नाही. दार मजबूत करताना ती आपोआप उमटली आणि लोहाराने तिला थोडे सजवले.

हाच खिळा पुढे वाढून अणकुचीदार झाला, की किल्ल्याचा दरवाजा होतो. देवगिरीच्या दरवाजांवर असे सुळे आहेत. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरही आहेत. हत्तीने डोक्याने धडक देऊ नये हा त्यांचा उद्देश. पण त्यांच्याकडे दुरून पाहिले तर रांगोळीच्या ठिपक्यांची आठवण होते.

आपल्याकडे लोखंड घडवलेच का जाई, ओतले का जात नसे? शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. कोळशाच्या लहान भट्टीत, कातड्याच्या भात्याने, ते गाठता येत नसे. खनिजातून निघे तो न वितळलेला, स्पंजासारखा गोळा. तो तापवून घणाने ठोकला की मळी बाहेर पडे आणि उरलेली मळी धाग्यांसारखी लोखंडातच पसरे. यात कार्बन अगदी थोडा, साधारण ०.१ टक्क्याहून कमी असतो. असे लोखंड वाकते, पीळ घेते, ठोकून पातळ होते, पण सहसा तुटत नाही. मग लोहाराची नक्षीही याच क्रियांची बनते: वळसा, पीळ, सुंब्याने पाडलेले भोक, टोक फाडून केलेले पान. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या दारांवर बिजागऱ्यांतून फुटलेले मध्ययुगीन लोखंडी वेल आहेत. त्यांचे व्याकरणही हेच आहे.

वळशांना दुसरेही काम असते. पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या टोकांना टाचणीने जोडून चौरस करा. कोपरा दाबला की तो तिरका होतो. आता चारही बाजूंना आतून टेकेल अशी बांगडी त्यात बसवा आणि प्रत्येक बाजूच्या मध्याशी दोऱ्याने घट्ट बांधा. चौरस हलेनासा होतो. शेजारच्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंमधले अंतर कर्णाच्या निम्मे असते. बांगडीने ते पक्के केले, म्हणजे कर्णच पक्का केला. (ही सिद्धता नववीच्या मुलांकडून करून घेता येईल.) जुन्या फाटकांतली वर्तुळे आणि नागमोडी वळणे पट्टीच्या वेढ्यांनी चौकटीला जखडलेली दिसतात, ती नुसत्या हौसेपोटी नव्हेत.

कार्बन ३-४ टक्क्यांवर गेला, की लोखंड सुमारे ११५० अंशांनाच वितळते. हेच बीड. १७०९ साली इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने दगडी कोळशाच्या कोकवर भट्टी चालवली आणि बीड मुबलक होऊ लागले. १७७९ मध्ये त्याच भागात बिडाचा पूल उभा राहिला. बीड ठिसूळ असते. ताणाला ते कच्चे, पण दाबाला भक्कम, म्हणून खांब आणि कमानी यांना योग्य. शिवाय साचा एकदा केला की हजार फुले निघतात. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफर्लेनच्या कारखान्याची तर सूचिपत्रेच होती. त्यांतून कठडे आणि खांब निवडावेत, जहाजाने मागवावेत. म्हैसूरच्या राजवाड्यातील कल्याणमंटपाचे खांब तिथूनच आले.

मुंबईचे वॉटसन हॉटेल (१८६७-६९) असेच आले. रोलंड ऑर्डिशने आखलेला त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन इथे जोडला गेला. त्याच दशकात जे. जे. कलाशाळेत लॉकवुड किपलिंग, ग्रिफिथ्स आणि हिगिन्स हे शिक्षक आले आणि तिथे घडीव नक्षीकामाची कार्यशाळाही सुरू झाली. एकीकडे सूचिपत्रातले लोखंड आणि दुसरीकडे हाताने घडवलेले, दोन्ही एकाच शहरात! पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (१८७८-८८) सजावटीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता.

बिडाचे जड सामान बंदर आणि रेल्वे यांच्या वाटेने फिरे. बीड जिल्ह्यात परळीला रेल्वे होती, पण बीड शहरात ती २०२५ साली पोहोचली. इथल्या वाड्यांत लाकडी खांब आणि लोहाराची फुले टिकून राहिली, त्याचे हे एक कारण असावे.

नंतर सौम्य पोलादाचे गज आले, वेल्डिंग आले. १९३०-४० च्या दशकांत मरीन ड्राइव्हच्या इमारतींवर उगवत्या सूर्याच्या आणि लाटांच्या जाळ्या लागल्या आणि पुढे तालुक्याच्या गावांतही सूर्यकिरणांची फाटके दिसू लागली. आम्हाला ती आवडतात. सरळ गजाला सरळ किरण शोभतात. बाजारातली तयार पाने फाटकावर डाग देऊन चिकटवणे मात्र उगाच वाटते. वेल्डिंगमुळे सांधा लपला आणि नक्षीचा सांध्याशी असलेला संबंध तुटला. म्हणून जुने-नवे ओळखताना आधी सांधा शोधावा: रिव्हेट किंवा वेढा दिसला तर काम लोहाराचे, बारीक शिवण दिसली तर साच्याचे.

वॉटसनच्या इमारतीचा काही भाग २००५ साली कोसळला, तेव्हा त्याची निदान बातमी झाली. गावातला वाडा पाडतात तेव्हा लाकूड विकले जाते, फुले भंगारात किलोवर जातात आणि कुणाला कळतही नाही. चकतीवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली, की पाकळ्यांचा स्वच्छ छाप मिळतो. त्याच कागदावर गाव, तारीख, दाराची लांबी-रुंदी आणि एका रांगेतल्या खिळ्यांची संख्या मुलांनी लिहून ठेवावी. शक्य असेल तर मागच्या बाजूने टोक कसे वळवले आहे, त्याचेही चित्र काढावे.