पत्ता सापडत नाही

ओवे हे एके काळी भातखाचरांचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल तालुक्यातील इतर गावांबरोबर ओवेही नव्या मुंबईच्या आराखड्यात गेले. पुढे शेजारी खारघर उभे राहिले. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि आम्ही ग्रामपंचायतीतून उठून थेट शहरात आलो. घर तेच, पत्ता मात्र बदलला! आमच्यासाठी हा कागदावरचा बदल होता. मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबांना मात्र पत्त्याबरोबर घरही सोडावे लागले.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. त्यानंतर संमिश्र वस्तीत राहण्याची हिंमत उरली नाही. कोणी मुंब्रा-कौसा गाठले, कोणी मीरा रोड. मुंब्र्याहून पनवेलला येणारा रस्ता तळोज्यावरून जातो. त्या रस्त्याने काही कुटुंबे आमच्या बाजूलाही आली. शाळेत प्रवेशाच्या वेळी वडिलांचे जुने कागद हाती येतात, त्यांवर मुंबईतल्या एखाद्या चाळीचा पत्ता असतो. त्या घराविषयी आम्ही सहसा विचारत नाही.

शासनाने काय केले? न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग नेमला. जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला. त्यावरील कारवाईबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला सांगायचे आहे ते बेपत्ता माणसांविषयी, कारण त्यांच्याबद्दल फार कमी बोलले जाते.

दंगलीनंतर १६८ माणसे बेपत्ता होती. मृतांच्या वारसांप्रमाणे त्यांच्या कुटुंबांनाही २ लाख रुपये देण्याचा निर्णय जुलै १९९८ मध्ये झाला. पैसे मिळाले ते ६० कुटुंबांना. उरलेल्या १०८ जणांचे वारस दिलेल्या पत्त्यावर आढळले नाहीत किंवा त्यांनी कागदपत्रे पूर्ण केली नाहीत, असे शासनाने न्यायालयात सांगितले. ज्या दंगलीने माणसाला घर सोडायला लावले, तिचीच भरपाई त्या सोडलेल्या घराच्या पत्त्यावर शोधली गेली! पोलिसांना माणूस हवा असला की पत्ता मिळतो आणि देणे असले की हरवतो, असे आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणतात. थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या १०८ कुटुंबांचा शोध घेऊन ९ टक्के व्याजासह रक्कम द्यावी, असा आदेश दिला. देखरेखीसाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. तोवर तीस वर्षे होत आली होती. वाट पाहणारी आई, बायको त्या काळात हयात असेलच असे नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘यापूर्वीची शाळा’ असा एक रकाना असतो. १९९३ नंतर मुंबई सोडलेली कुटुंबे कुठे गेली, हे मुंब्र्यापासून पनवेलपर्यंतच्या उर्दू शाळांची त्या सालांची रजिस्टरे उघडली तरी बरेचसे कळेल. आमच्याकडे ते रजिस्टर पाहायला अजून कोणी आलेले नाही.