भिंत न फोडता घरात वायर कशी फिरवायची?

मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीत झिरी पाडली की भिंत कमजोर होते, पोपडे सुटतात. त्यापेक्षा भिंतीवरून पीव्हीसी पट्टी, म्हणजे केसिंग-कॅपिंग मारणं सोपं.

पट्टी कुठे बसवाल? छताच्या कडेने न्या, बोर्डावर सरळ खाली उतरवा. सारवलेल्या किंवा चुन्याच्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही, भुकटीसकट सुटते. म्हणून चौकट, तुळई, खांब अशा लाकडाचा आधार घ्या. आधी खालची पट्टी स्क्रूने बसवा, मग वायर टाका, शेवटी झाकण दाबा. वायरवर खिळा ठोकू नका.

वायर कोणती? लाईट-पंख्याला १.५ चौरस मिमी. फ्रीज, इस्त्रीच्या प्लगला किमान २.५. तांब्याची, आयएसआय मार्कची घ्या. अर्थिंगची हिरवी वायर सोबत हवीच.

पत्र्याचं घर असेल तर? पत्र्याची धार वायरचं आवरण कापते आणि अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो. पावसाळ्यात हे जीवावर बेततं. पत्र्यातून वायर पाईपमधूनच न्या. मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.

इंटरनेट, डिशची केबल? लाईटच्या वायरसोबत नको, वेगळी पट्टी लावा. फायबर केबल कोपऱ्यात दुमडू नका, गोल वळण द्या. आतली काच तुटते.

पट्टी तुम्ही मारा, पण मेन बंद करून. जोडणी मात्र परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.