कारखान्यात मोजमापाचं साधन किती अचूक हवं?

दूध पाश्चराइझ करण्याच्या प्रचलित पद्धतीत ते किमान ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद ठेवावं लागतं. आता समजा, पॅनेलवर ७२ दिसतंय, पण सेन्सर दीड अंश जास्त दाखवतोय. म्हणजे दूध प्रत्यक्षात ७०.५ अंशांवरच आहे. जंतू मारण्याची खात्री राहत नाही आणि पॅनेल बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. भीतीपोटी तापमान ७६ वर ठेवलं, तर वाफेचा खर्च वाढतो आणि दुधाची चवही बदलू शकते.

म्हणून साधन निवडताना पहिला प्रश्न 'सर्वांत अचूक कोणतं?' हा नसतो. या प्रक्रियेला किती चूक चालते, हा असतो.

समजा, डेअरीने अर्ध्या अंशाची मर्यादा ठरवली. पीटी-१०० या प्रकारच्या 'ए' वर्गाच्या सेन्सरची मान्य चूक ७२ अंशांना साधारण ±०.३ अंश असते, 'बी' वर्गाची साधारण ±०.६६. इथे 'ए' वर्गच घ्यावा लागेल. के-टाइप थर्मोकपलच्या दुसऱ्या वर्गात हीच चूक ±२.५ अंश असते, त्यामुळे तो बाद. पण ९०० अंशांच्या भट्टीत तोच थर्मोकपल योग्य ठरतो. तिथे नेहमीचा पीटी-१०० टिकत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती प्रेशर गेजमध्ये. गेजच्या तबकडीवर १.६ असा वर्ग लिहिलेला असतो. याचा अर्थ चूक १.६ टक्के, पण समोर दिसणाऱ्या आकड्याच्या नव्हे, पूर्ण स्केलच्या. ० ते १६ बारच्या गेजमध्ये ती सुमारे ०.२६ बार होते. लाइनमधला दाब २ बारच असेल, तर हीच चूक जवळपास १३ टक्क्यांवर जाते! त्याच वर्गाचा ० ते ४ बारचा गेज लावला, तर २ बारला चूक ३.२ टक्के राहते. महागडा गेज न घेताही चौपट फायदा. 'मोठ्या रेंजचा घेऊ, कुठेही चालेल' हा स्टोअरमधला विचार इथे महागात पडतो. मात्र फार छोटी रेंजही नको. स्थिर दाब स्केलच्या पाऊण भागाच्या आत आणि सतत कमीजास्त होणारा दाब साधारण ६५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची शिफारस असते.

डिजिटल डिस्प्लेवर दशांशानंतर दोन आकडे दिसले की साधन अचूक, हा आणखी एक गैरसमज. ते फक्त वाचनातलं लघुत्तम माप. ०.०१ दाखवणारं साधन अर्ध्या युनिटने चुकू शकतं.

मशीन शॉपमध्ये यासाठी एक जुना हिशेब वापरतात: साधनाची चूक जॉबच्या टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकी असावी, अगदीच जमत नसेल तर चौथ्या भागापर्यंत. शाफ्टला ±०.०५ मिमी टॉलरन्स असेल आणि व्हर्नियरची चूक ±०.०२ मिमी असेल, तर ते चालत नाही. ४ मायक्रॉनच्या आसपास चूक असलेला मायक्रोमीटर मात्र आरामात बसतो. उलट, पाण्याच्या साठवण टाकीची पातळी मिलिमीटरमध्ये मोजण्यासाठी पैसे घालवण्यात अर्थ नाही.

कागदावरची अचूकता बसवतानाही बिघडते. सेन्सर पाइपात पुरेसा आत गेला नाही किंवा पॉकेटमध्ये सैल बसला, तर 'ए' वर्गही कामाचा नाही. वापराने साधनं सरकतात, म्हणून ठरावीक काळाने कॅलिब्रेशन हवं. ते एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घेतलं, तर प्रमाणपत्रात चूक आणि अनिश्चितता दोन्ही लिहून मिळतात. अनेक जण प्रमाणपत्र फाइलला लावतात, पण त्यातला चुकीचा आकडा प्रक्रियेच्या मर्यादेशी ताडून बघत नाहीत.

मालाच्या विक्रीसाठी वापरल्या जाणाऱ्या वजनकाट्यांचं प्रकरण वेगळं आहे. कॅलिब्रेशन प्रमाणपत्र असलं, तरी त्यांना वैधमापनशास्त्र विभागाची पडताळणी आणि शिक्का लागतोच.