पायली, शेर, मापटं म्हणजे किलोत नेमकं किती? घरच्या घरी असा काढा हिशोब

लोणी भापकर (ता. बारामती) : कॅलेंडर बदललं, काटे डिजिटल झाले, तरी जिरायती पट्ट्यातल्या घरांत बाजरी-ज्वारी अजून पायलीनंच मोजली जाते. जेवणावळ असली की आचारी किलोत यादी देतो आणि घरची म्हातारी माणसं 'किती पायली?' म्हणून विचारतात. इथंच घोळ होतो.

घोळाचं मूळ 'शेर' या शब्दात आहे. शेर दोन. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. असे ४० शेर म्हणजे एक मण, साधारण सव्वासदतीस किलो. दुसरा मापाचा शेर. तो वजन नाही, भांड्यात मावेल तेवढं धान्य. त्याचं कोष्टक जुन्या लोकांना तोंडपाठ : दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली आणि चार शेर म्हणजे पायली. नवरी उंबऱ्यावर ओलांडते ते माप याच घराण्यातलं.

पायली गावोगाव लहान-मोठी असते. त्यामुळं 'एक पायली बरोबर इतके किलो' असं कुणी मोबाईलवर पाठवलं तर डोळे झाकून धरू नये. आधी आपलं माप तपासावं. लिटरच्या बाटलीनं त्यात पाणी ओतून किती लिटर मावतं ते बघावं. माप गळकं असेल तर सरळ धान्य भरून गिरणीच्या काट्यावर ठेवावं, फक्त रिकाम्या मापाचं वजन वजा करायला विसरू नये.

एक लिटरच्या भांड्यात सपाट भरल्यावर अंदाजे असं वजन भरतं : ज्वारी, गहू ७५० ते ८०० ग्रॅम. बाजरी, तांदूळ, तूरडाळ ८०० ते ८५०. साखर ८५०. शेंगदाणे ६५०. ज्वारीचं पीठ ५०० ते ६००, बेसन त्याहून हलकं. बारीक मीठ मात्र किलोच्या वर, सुमारे १२०० ग्रॅम. पीठ चाळलेलं की दाबून भरलेलं, यानंही बराच फरक पडतो. शीग लावली तर हिशोब आणखी वेगळा.

समजा पायलीत चार लिटर मावतं. त्यात ज्वारी तीन, फार तर तीन किलो दोनशे ग्रॅम बसेल. 'पायली म्हणजे चार किलो' धरून १६ पायली, म्हणजे मापाचा एक मण घेतला, तर १३ ते १६ किलोचे पैसे जास्त गेले. माप मोठं असेल तर हाच फटका विकणाऱ्याला बसतो.

तेलाचंही तसंच. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं. १५ लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅम तेल असतं, १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास. भाव विचारताना डबा लिटरचा की किलोचा, ते छापील अक्षरात बघावं. दूध उलट, लिटरला सुमारे १ किलो ३० ग्रॅम. संकलनाला काट्यावर १० किलो भरलं तर ते ९.७ लिटर धरतात, ते बरोबरच आहे.

मोबाईलवरच्या रेसिपीतला 'कप' २४० ते २५० मिलिलिटरचा असतो. आपली आमटीची वाटी बहुतेक त्याहून लहान. मोठा चमचा १५ आणि छोटा चमचा ५ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाच्या झाकणावर या खुणा असतात, झाकण धुऊन वापरता येतं. भाताला मापच बरं, कारण पाणीही त्याच भांड्यानं घालायचं. लाडू, पुरण असं गोडाचं मोठं काम असलं की काटाच धरावा. चिरलेला गूळ वाटीत कधी पोकळ बसतो, कधी गच्च.

घरात पायली वापरायला कुणाची ना नाही. विक्रीला मात्र १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली आणि आता २००९ चा वैधमापन कायदा आहे. व्यापाऱ्याचा काटा पडताळणीच्या शिक्क्याचा हवा. शंका आली तर वैधमापन विभागाकडं तक्रार करता येते.