अश्लील व्हिडिओ कॉलनंतरचे ब्लॅकमेल: पैसे देऊ नका, एकटे राहू नका

झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, फोन वाजला की घाम सुटतो. अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचा बीपी, शुगर, ईसीजी कधीकधी अगदी नॉर्मल असतो. नातेवाइकांना बाहेर बसवून शांतपणे विचारले की खरे कारण कळते: कोणीतरी अश्लील व्हिडिओ व्हायरल करण्याची धमकी देऊन पैसे मागत आहे. याला सेक्सटॉर्शन म्हणतात. कामठ्यासारख्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे बदनामीची भीती जास्त असते. हा धंदा याच भीतीवर चालतो.

हे कसे घडते?

फेसबुकवर अनोळखी मुलीच्या नावाने फ्रेंड रिक्वेस्ट येते. गप्पा सुरू होतात, मग व्हॉट्सअॅप नंबर मागितला जातो आणि रात्री व्हिडिओ कॉल येतो. समोर दिसणारी स्त्री बहुतेक वेळा आधीच रेकॉर्ड केलेली क्लिप असते. तुमचा चेहरा मात्र खरा असतो आणि स्क्रीन रेकॉर्ड होत असते. कधी कॉलही होत नाही. तुमचा फोटो दुसऱ्याच्या शरीराला जोडला जातो.

थोड्या वेळात धमकी येते. नंतर दुसरा माणूस स्वतःला पोलीस किंवा सीबीआय अधिकारी म्हणवून ‘केस मिटवण्यासाठी’ पैसे मागतो. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते.

विद्यार्थ्यांपासून निवृत्त माणसांपर्यंत कोणीही यात अडकू शकतो. २०२२ मध्ये पुण्यात दोन तरुणांनी अशा छळानंतर आत्महत्या केली. तपास करत पोलीस राजस्थानातील अलवर जिल्ह्यातील एका गावापर्यंत पोहोचले आणि तिथून अटक झाली. म्हणजे धमकी देणारा शेकडो किलोमीटर दूर असला तरी सापडू शकतो.

लगेच काय करावे?

• पैसे देऊ नका. दिले असतील तर आणखी देऊ नका.
• चॅट, फोन नंबर, प्रोफाइलची लिंक, यूपीआय व्यवहार यांचे स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतरच ब्लॉक करा. घाबरून सगळे डिलीट करू नका.
• फेसबुकची मित्रयादी लपवा.
• १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार करता येते.
• गावाजवळच्या ठाण्यात जायला संकोच वाटत असेल तर झिरो एफआयआरची सोय आहे. कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

धमकी देऊन पैसे उकळणे हा गुन्हा आहे. इथे गुन्हेगार समोरचा आहे, तुम्ही नाही. असा व्हिडिओ तुमच्या फोनवर आला तर पुढे पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ नुसार लैंगिक कृत्य दाखवणारा मजकूर पाठवल्यास पहिल्याच गुन्ह्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पीडित १८ वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायदाही लागतो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

घरच्यांनी काय ओळखावे?

अचानक गप्प होणे, फोन लपवणे, कारण न सांगता उसने पैसे मागणे, रात्रभर जागणे, कामावर किंवा कॉलेजला न जाणे, ‘माझ्यामुळे घराची इज्जत गेली’ असे बोलणे. अशा वेळी ‘तू असा कॉल घेतलाच कशाला?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी एवढेच म्हणा: ‘जे झाले ते झाले, आपण मिळून निस्तरू.’ हे ऐकले की धमकीचा अर्धा जोर तिथेच संपतो.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट मन मोकळे होते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. शेतीच्या घरात फवारणीचे औषध असतेच. ते कुलपात ठेवा किंवा काही दिवस दुसरीकडे हलवा. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तातडीची गरज असेल तर ११२ वर फोन करा.

डॉक्टरांकडे कधी यावे?

झोप, भूक किंवा धडधड आठवडाभरात सुधारली नाही, किंवा सतत भीती वाटत राहिली तर जरूर या. मेडिकलमधून स्वतःहून झोपेची गोळी घेऊ नका. गरज पडल्यास गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवता येते. टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येते. तुमची माहिती गुप्त ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने तो हक्क रुग्णाला दिला आहे.

लक्षात ठेवा: व्हिडिओची चर्चा काही दिवसांत विरते, गेलेला जीव परत येत नाही. आज घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगा.